साडेअकरा की साडेचार

सकाळी साडेअकराला शाळेच्या फाटकाशी मुलाला न्यायला कोण आलंय, एवढ्यावरून मला त्या घराचा अंदाज यायचा. आजोबा असले, तर ते दहा मिनिटं आधीच येऊन लिंबाखाली टेकलेले असत. आई असली, तर तिच्या हातावर कणीक वाळलेली असे. काका असला, तर तो मोटारसायकल बंद न करताच पुतण्याला हाक मारी. आणि कुणीच आलेलं नसलं, तर मूल माझ्या टेबलाशेजारी दप्तर मांडीवर घेऊन बसे आणि फाटकाकडं बघत राही.

धाराशिवातल्या एका खासगी शाळेच्या शिशुवर्गात मी अठ्ठावीस वर्षं काढली. शेवटची काही वर्षं त्या विभागाची प्रमुख होते. शिशुवर्ग म्हणजे छोटा गट आणि मोठा गट. पहिलीच्या आधीची, साडेतीन ते सहा वर्षांची मुलं. लोकांना वाटतं, तिथं बाई गाणी म्हणतात आणि नाकं पुसतात. ते खरंच आहे. फक्त नाकं पुसण्यात किती वेळ जातो, याची लोकांना कल्पना नसते.

माझ्या नोकरीतली बहुतेक वर्षं आमचा वर्ग साडेआठ ते साडेअकरा असा भरायचा. मग गावात नोकरी करणाऱ्या आया वाढल्या. कुणी कलेक्टर कचेरीत, कुणी दवाखान्यात, कुणी बँकेत. संस्थेनं ठरवलं की ज्यांना हवं असेल त्यांच्या मुलांना साडेचारपर्यंत ठेवायचं. प्रवेशाच्या अर्जावर एक नवी ओळ आली : अर्धा दिवस की पूर्ण दिवस. त्या एका ओळीपाशी नवरा-बायको माझ्यासमोर बसून अर्धा अर्धा तास भांडले आहेत. शेवटी दोघंही माझ्याकडं वळून म्हणायचे, "मॅडम, तुम्हीच सांगा." मी सांगायची. खरं म्हणजे विचारलं नसतं, तरी सांगितलं असतं.

बहुतेक आई-वडिलांचा एक गैरसमज असे. पूर्ण दिवस म्हणजे दुप्पट शिक्षण. तसं नसतं. चार वर्षांच्या मुलाचं जे काही शिकून व्हायचं ते सकाळी अकरापर्यंत होऊन जातं. पुढचा दिवस हा जेवण, झोप आणि खेळ यांचा. साडेबाराला दुसरा डबा. एक ते तीन झोप. मुमताजमावशी, आमच्या वर्गाच्या सेविका, मोठ्या सतरंज्या टाकायच्या, खिडक्यांना हिरवे पडदे ओढायच्या, आणि पंचवीस मुलं आडवी करायच्या. पंचवीस मुलांना एकाच वेळी झोपवणं ही कला आहे आणि ती मला कधीच आली नाही. मावशींना यायची. त्या कुणालाही "झोप" म्हणायच्या नाहीत. नुसत्या मध्ये बसून हळूहळू वाती वळत राहायच्या. त्या वाती त्या माझ्या देवघरासाठी देत.

या झोपेवरून एका वकीलसाहेबांनी आमच्यावर जवळजवळ खटलाच भरला. त्यांचा शौर्य मोठ्या गटात होता. एक दिवस ते दुपारी दोनला अचानक आले, खिडकीतून बघितलं, आणि माझ्या टेबलापुढं उभे राहिले.

"मॅडम, मुलं झोपलेली आहेत."

"हो."

"म्हणजे आम्ही मुलाला शाळेत झोपायला पाठवतो, असं समजायचं का?"

मी म्हटलं, तसंच समजा. त्यांना ते पटलं नाही. शौर्यला झोपवायचं नाही, त्या वेळेत त्याच्याकडून अंक गिरवून घ्यायचे, असा लेखी अर्ज त्यांनी दिला. मी तो मंजूर केला. पहिल्या दिवशी शौर्यनं पंचवीसपर्यंत अंक काढले. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत. तिसऱ्या दिवशी त्यानं पाटीवरच डोकं टेकलं आणि तो दीड तास तसाच झोपला. संध्याकाळी वडिलांनी त्याच्या गालावरचा लालभडक पट्टा बघून विचारलं, "हे काय लागलं?" मी म्हटलं, "पाटीची चौकट." दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज मागं घेतला. तोही लेखी.

अशा गोष्टींमुळं माणसाला आपण फार शहाणे आहोत असं वाटायला लागतं. मला वाटायला लागलं होतं.

पूर्ण दिवसाचा वर्ग सुरू होऊन एक वर्ष झालं होतं. जून महिना होता. सारिका नावाची बाई प्रवेशासाठी आली. एसटीत कंडक्टर. अंगावर खाकी गणवेश, कारण ती ड्यूटी संपवून डेपोतून सरळ आली होती. सोबत चार वर्षांची आरोही आणि सासू जिजाबाई. सारिकाचा नवरा बालाजी भूम तालुक्यातल्या ईटजवळ शेती करायचा. सोयाबीन आणि चार म्हशी. तो गावाकडं वडिलांसोबत राहायचा आणि रविवारी इकडं यायचा. सारिका धाराशिवात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होती, आणि नातीला सांभाळायला म्हणून जिजाबाई गाव सोडून तिच्याकडं येऊन राहिल्या होत्या.

सारिकानं अर्जावर 'पूर्ण दिवस' या शब्दांसमोर बोट ठेवलं. "मॅडम, पूर्ण दिवसच बरा राहील ना?"

जिजाबाईंनी मान फिरवली. "पोरीला दिवसभर कोंडून घालायचं व्हय? आन् म्या कशाला हाय मग हितं?"

"आत्या, तसं न्हाय," सारिका म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "तुमचे गुडघे दुखतेत. दुपारचं तेवढंच तुमाला बी पडायला मिळल."

"माझे गुडघे मी बघते. तू तुजी गाडी बघ."

मग दोघी माझ्याकडं बघू लागल्या. मी पेन खाली ठेवलं आणि माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. "घरात प्रेमाचं माणूस असताना एवढ्या लहान मुलाला दिवसभर शाळेत ठेवायचं कशाला? साडेअकराला घरी गेलं, आजीच्या हातचं गरम खाल्लं, याच्यापुढं आमची शाळा काही नाही." जिजाबाई सुनेकडं बघून म्हणाल्या, "ऐकलंस?" सारिकानं 'अर्धा दिवस' वर खूण केली.

त्या निघाल्या तेव्हा जिजाबाईंना आमच्या बुटक्या खुर्चीतून उठायला वेळ लागला. एक हात टेबलावर, एक हात नातीच्या खांद्यावर. दारापर्यंत त्या भिंत धरून गेल्या. हे मी बघितलं. मला ते आजही दिसतं. पण तेव्हा त्याचा अर्थ लावायचं मला सुचलं नाही, कारण मी पुढच्या पालकांना हाक मारत होते.

हे वाक्य मी का म्हणायची, त्याचं एक कारण सांगायला हवं. माझा स्वतःचा मुलगा लहान असताना मी याच शाळेत दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसत होते आणि तो शेजारच्या काकूंकडं वाढत होता. काकू चांगल्या होत्या. त्याला त्यात काही विशेष वाटत नाही, असं तो म्हणतो. मला मात्र वाटत आलं आहे. आणि बहुधा त्याची भरपाई मी अर्जांवर करत होते.

आरोही रमली. बोलकी, धीट मुलगी. साडेअकराला जिजाबाई फाटकाशी यायच्या आणि तिला घेऊन रस्त्याच्या कडेकडेनं सावकाश जायच्या. पावसाळा गेला, दसरा झाला.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. आरोही दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी सारिका एकटीच आली, साध्या साडीत. उभ्या उभ्याच तिनं सांगितलं. तीन दिवसांपूर्वी दुपारी एकच्या सुमाराला जिजाबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांना जागचं हलता येईना. घरमालक मंडळी लग्नाला लातूरला गेलेली. आरोही खेळता खेळता रस्त्यावर पळते म्हणून जिजाबाई दाराची वरची कडी लावून घ्यायच्या. ती आरोहीच्या हाताला येत नव्हती. फोन वरच्या फळीवर चार्जिंगला होता. आजी ओरडली, पण रस्त्यापर्यंत आवाज गेला नाही. सारिकाची ड्यूटी चारला संपते, पण नेमकी त्या दिवशी गाडी वाटेत बंद पडली. ती घरी पोचली साडेपाचला. शेजारच्या पोराला खिडकीतून आत हात घालायला लावून कडी काढली.

"साडेचार तास, मॅडम," ती म्हणाली. "पोरगी आत्यांजवळच बसलेली."

मी त्याच संध्याकाळी दवाखान्यात गेले. जिजाबाईंचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. मला बघून त्या हसल्या. "मास्तरीणबाई आल्या," असं शेजारच्या बाईला सांगितलं. मग त्यांनीच सगळं सांगितलं. आरोही आधी रडली. मग उठून तिनं दप्तरातली पाण्याची बाटली आणून आजीच्या तोंडाला लावली. डब्यात उरलेला पोळीचा लाडू भरवला. स्वतःची गोधडी ओढत आणून अंगावर घातली.

"दुखून दुखून माझे डोळे मिटायचे," जिजाबाई म्हणाल्या. "मिटले की ही हलवायची. आज्जे, डोळे उघड. आज्जे, डोळे उघड. लई येळा हलवलं. मला म्हनावं वाटायचं, बाई, पडू दे जरा. पर तिच्याकडं बगून उघडायची."

मी म्हटलं, "माझंच चुकलं. मी तेव्हा तसं सांगायला नको होतं."

त्यांनी हात हलवला. सारिका पाणी आणायला बाहेर गेली होती. तिची चाहूल घेऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमाला सांगते. मला बी गावालाच जायचं हुतं. आमचे मालक आन् पोरगा तकडं दोघंच हायत, हातानं भाकर थापत्यात. पर माझ्या तोंडानं कसं म्हनू? सून म्हनली असती, म्हातारी टाळायली."

बाहेर पडताना सारिका फाटकापर्यंत आली. तिलाही मी तेच म्हटलं. ती म्हणाली, "तुमचं कशानं चुकलं? मला तवाच आत्यांना गावाकडं सोडायचं होतं. किती दिवस ओढायचं त्यांना? पण तसं बोललं की त्यांना वाटलं असतं, काम झालं, आता हाकलायली. म्हणून गुडघ्याचं निमित्त काढलं. आमालाच बोलता आलं न्हाय, मॅडम."

म्हणजे जून महिन्यात माझ्यासमोर दोन बायका बसल्या होत्या. दोघींनाही एकच हवं होतं. दोघीही ते लपवत होत्या. आणि मी एका वाक्यात त्यांचा निकाल लावून टाकला होता. त्यानंतर मी पालकांना सल्ला देणं बंद केलं. अर्धा की पूर्ण विचारलं, तर मी उलट विचारायची : दुपारी घरी कोण असतं, त्यांची तब्येत कशी आहे, आणि त्यांना स्वतःला काय हवं आहे हे त्यांना कुणी एकटं गाठून विचारलंय का. पुष्कळ लोकांना या चौकशा आवडायच्या नाहीत.

ऑपरेशन झालं. जिजाबाईंना बालाजी गावाकडं घेऊन गेला. आरोहीचं नाव मी पूर्ण दिवसाच्या वर्गात घातलं. सकाळी घरमालकीणबाई तिला रिक्षात बसवून द्यायच्या, साडेचारला सारिका न्यायला यायची. कागदावर सगळं नीट बसलं.

पहिल्याच दुपारी मुमताजमावशी माझ्याकडं आल्या. "बाई, वो नवी लडकी किसी को सोने नहीं देती. जरा बघा तुम्ही."

मी खिडकीतून बघितलं. सगळी मुलं झोपली होती आणि आरोही सतरंज्यांवरून अनवाणी फिरत होती. एकेका मुलाजवळ वाकायची, पोटावर हात ठेवायची, थोडा वेळ बघायची. एखाद्याचं पोट हललेलं तिला दिसलं नाही की खांदा धरून हलवायची. "डोळे उघड." ते मूल दचकून उठायचं, रडायचं. त्याच्या रडण्यानं तिचं समाधान व्हायचं आणि ती पुढच्याकडं जायची.

आम्ही बरेच उपाय केले. तिला माझ्या खोलीत घेऊन बसले. ती दारातून त्या वर्गाकडंच बघत राहिली. मी स्वतः तिच्याशेजारी आडवी झाले; पाच मिनिटांत माझ्या पापणीवर तिचं बोट आलं. "बाई, मिटायचे न्हाय." मग मी डोळे उघडे ठेवून पडून राहायला लागले. साठीला आलेल्या बाईला जेवण झाल्यावर डोळे उघडे ठेवून पडणं किती अवघड असतं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. मावशींनी दुसरी युक्ती काढली. आरोहीला जवळ घेऊन त्या तिच्याकडून कापूस पिंजून घ्यायच्या. पण हात थांबले की ती उठायचीच.

दोन-तीन आयांच्या तक्रारी आल्या. मुलं घरी येऊन चिडचिड करतात, रात्री दचकतात. संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून सांगितलं, "त्या मुलीला अर्ध्या दिवसात घाला. एकीसाठी पंचवीस जणांना त्रास नको." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

सारिकाला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "साडेअकराला नेऊन ठेवू कुठं तिला? गाडीत माझ्याजवळ बसवता येत न्हाय. मग नोकरीच सोडावी लागल." ती रडली नाही. नोकरी लागायला तिला किती वर्षं लागली होती, तेही तिनं सांगितलं नाही. ते मला बालाजीकडून नंतर कळलं.

मी सचिवांकडून नाताळच्या सुट्टीपर्यंत मुदत मागितली. पुढं काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

मुदतीचे चार दिवस राहिले होते, तेव्हा बालाजीचा फोन आला. आईला हाडाचा फोटो काढायला दवाखान्यात आणलंय, आरोहीला भेटता येईल का. मी म्हटलं, एक वाजता या, आणि आईंना घाई करू नका.

जिजाबाई वॉकर टेकत टेकत आल्या. नात पळत आली आणि त्यांच्या लुगड्याला बिलगली. आरोहीनं आजीला शेवटचं पाहिलं होतं ते दवाखान्याच्या गाडीत चढवताना. ती गावाकडं बरी आहे, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. मोठी माणसं असं काही सांगतात तेव्हा मुलं त्यावर किती विश्वास ठेवतात, याबद्दल मला शंका आहे.

मी जिजाबाईंना बाजूला घेऊन थोडक्यात सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "मग म्या काय करू?"

"झोपा," मी म्हटलं.

त्यांना खाली बसता येत नव्हतं. मावशींनी शिपायाच्या खोलीतून लोखंडी खाट आणवली आणि वर्गाच्या मधोमध टाकली. भोवती सतरंज्या. मुलांना मोठी गंमत वाटली. जिजाबाई आडव्या झाल्या, आरोही खाटेला टेकून उभी राहिली. पडदे ओढले. मी दाराशी उभी होते.

"आज्जे, डोळे मिटू नको," आरोही म्हणाली.

"मिटते की. प्रवासानं दमले मी, बाळा," जिजाबाई म्हणाल्या. "तू बस हितं. म्या उठते परत."

त्यांनी डोळे मिटले. आरोहीचा हात त्यांच्या पोटावर गेला. दुसरा खांद्यावर. आता ती हलवणार, असं मला वाटलं. मावशींच्या हातातली वात थांबली. तेवढ्यात जिजाबाई घोरायला लागल्या. अगदी मोठ्यानं, शिट्टी मिसळलेलं घोरणं. चार-पाच मुलं उठून बसली आणि हसायला लागली. आरोहीनं त्यांच्याकडं रागानं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग ती कान आजीच्या तोंडाजवळ नेऊन ऐकत राहिली. घोरणं मध्येच थांबलं की ती ताठ व्हायची. पुन्हा सुरू झालं की सैल पडायची. असं बऱ्याचदा झालं. मी घड्याळ बघितलं नाही.

शेवटी तिनं खाटेखालच्या सतरंजीवर बसकण मारली, आजीच्या लुगड्याचा सोगा मुठीत घेतला, आणि आडवी झाली. थोड्या वेळानं मुमताजमावशी पाय न वाजवता तिच्याजवळ गेल्या, वाकून बघितलं, आणि माझ्याकडं मान हलवली. आमच्या वर्गात आल्यापासून ती पहिल्यांदा झोपली होती.

तीनला मी बाकीच्या मुलांना बाहेर अंगणात खेळायला नेलं. बालाजी लिंबाखाली बसला होता. साडेतीनला भूमकडं जाणारी गाडी होती आणि तो सारखा मोबाइलमध्ये वेळ बघत होता. आईला उठवू का, असं त्यानं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं.

साडेचारला सारिका आली. नवऱ्याला बघून तिला आश्चर्य वाटलं. मी तिला खिडकीशी नेलं. ती आत बघत उभी राहिली. खाटेवरून घोरण्याचा आवाज येत होता. खाली आरोही तोंड उघडं टाकून झोपली होती.

बालाजी मागून म्हणाला, "साडेतीनची गाडी तर गेली."

सारिकानं खिडकीवरचा हात काढला नाही. "सहाला एक हाय," ती म्हणाली. "झोपू द्या."